जनगणना : आईच्या नावापुढे 'घरकाम' लिहिलं गेलं. या वेळी काय सांगायचं?

रानजाई
सोमवार, रात्री ९:४०

२०११ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. माझी दहावी होती. माण तालुक्यातल्या आमच्या घरी ओसरीवर बसून मी भूमितीची प्रमेयं पाठ करत होते, तेवढ्यात जनगणनेचे गुरुजी आले. वडील बाजाराला गेलेले. चुलत्यांनी त्यांना घोंगडं अंथरून दिलं आणि सगळ्यांची माहिती तेच सांगू लागले. आईचं नाव आलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, "या काय करतात?" काका म्हणाले, "वहिनी व्हय? काय नाय, घरीच असत्यात."

त्याच वेळी आई गोठ्यातून धारेची चरवी घेऊन ओसरीवरून आत गेली. डोक्याला फडकं बांधलेलं, कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले, कमरेला खुरपं खोचलेलं. सकाळी सातपासून ती कांद्याच्या वाफ्यात होती. गुरुजींनी तिच्याकडे बघितलं, हसून नमस्कार केला आणि कागदावर 'घरकाम'चा आकडा टाकला. मी शेजारीच होते, मला दिसलं. मी बोलले नाही. पंधरा वर्षांची होते, मोठ्यांच्या मध्ये बोलायची रीत नव्हती.

आमची साडेतीन एकर जिरायत, विहिरीवर एकरभर भिजतं. दोन म्हशी. वडील एका दुकानात हिशेब लिहायला जायचे. म्हणजे शेत पाहायची ती आईच. आणि देशाच्या हिशेबात काम न करणारी कोण, तर तीच.

आता २०२७ च्या फेब्रुवारीत परत मोजणी आहे. माझे दोन प्रश्न आहेत. काम करणारा कोण हे ठरवायचा नेमका नियम काय? आणि आईने दारात उभं राहून काय सांगावं, म्हणजे ते बरोबर लिहिलं जाईल? कुणी प्रगणक म्हणून काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मला हे मनापासून हवं आहे.

चहाटपरी
सोमवार, रात्री ९:५८

आमच्याकडेही डिट्टो. फरक एवढाच की सांगणारे आजोबा होते.

मधलीसुट्टी
सोमवार, रात्री १०:१०

आमच्या आजीला प्रगणकबाईंनी विचारलं, "आजी, तुम्ही काय करता?"
आजी म्हणाली, "चहा करते. बसा."
आणि खरंच उठून गेली. :)

गुरुजी_निवृत्त
सोमवार, रात्री ११:२५

रानजाई, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. १९९१, २००१ आणि २०११ अशा तीन जनगणना केल्या. तुमचं वाचून गप्प बसवेना.

आधी नियम सांगतो. २०११ च्या कुटुंब अनुसूचीत पहिला प्रश्न 'या काय करतात' असा नव्हताच. प्रश्न असा होता : गेल्या वर्षभरात या व्यक्तीने कधीही काही काम केलं का? उत्तर 'हो' आलं की पुढे विचारायचं, सहा महिने किंवा जास्त, म्हणजे १८३ दिवस भरले का? भरले तर 'मुख्य काम करणारे', न भरले तर 'सीमांतिक'. २०११ ला सीमांतिकमध्येही दोन भाग केले, तीन ते सहा महिने आणि तीन महिन्यांपेक्षा कमी. मग चार रकाने : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. 'इतर' असेल तर हुद्दा किंवा प्रत्यक्ष काम कोणतं, आणि ते कसल्या उद्योगात, हे शब्दांत लिहायचं.

काम याचा अर्थ पगार असा नाही. घरच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात बिनमजुरीने राबणं हे कामच आहे. १९९१ ला तर हे कंसात छापून दिलं होतं, कारण त्याआधी बायकांचं काम निसटत होतं. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते : २००१ पासून घरापुरतं जरी धान्य पिकवलं किंवा दूध काढलं, एक थेंबही विकलं नाही, तरी ते काम धरायचं.

म्हणजे तुमच्या आईचं उत्तर 'हो', मुख्य काम करणारी, शेतकरी. यात शंकेला जागाच नाही.

मग चुकतं कुठं? आमच्याकडे सव्वाशे-दीडशे घरं, शाळा सांभाळून. पहिल्या दोन दिवसांत प्रश्न नीट वाचून दाखवतो. नंतर जीभ आपोआप 'या काय करतात?' वर येते. आणि 'काय करतात'ला गावात उत्तर एकच, 'काही नाही'. १९९१ ला मीही असेच कागद भरले आहेत. प्रशिक्षणात सांगितलेलं असूनही. २००१ ला मी ठरवून प्रश्न बदलला. "शेतात खुरपायला कोण जातं? धार कोण काढतं?" असं विचारायला लागलो. एकाच गावात, त्याच घरांत उत्तरं पालटली.

निळीशाई
मंगळवार, सकाळी ७:५०

गुरुजी, उत्तम माहिती. पण १८३ दिवसांच्या नियमाशी मी सहमत नाही. पहाटे दोन तास, दुपारी तीन तास, संध्याकाळी दोन तास असं तुकड्यातुकड्याने काम करणाऱ्या बाईने दिवस कसे मोजायचे? पुरुष कामावर जातो आणि येतो, त्याचा दिवस दिसतो. बाईचा दिवस स्वयंपाक आणि शेत यांत कालवलेला असतो. नियमच पुरुषाच्या दिवसावर बेतलेला आहे.

आकडेमोड
मंगळवार, सकाळी ९:१५

निळीशाई यांचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो जुना आहे. व्याख्या दर वेळी कशी फिरली ते बघा.

१९५१ ला मोजमाप कमाईचं होतं. माणसांचे तीन वर्ग : स्वावलंबी, मिळवते परावलंबी आणि न मिळवते परावलंबी. शेतात राबणारी बायको यात कुठे जाणार ते सांगायला नको.

१९६१ ला कमाई सोडून कामाकडे वळले. शेतीसारख्या हंगामी कामात हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त नियमित काम केलं तरी ती व्यक्ती काम करणारी. त्या वेळी देशातल्या साधारण २८ टक्के स्त्रिया काम करणाऱ्या निघाल्या.

१९७१ ला विचारलं, 'तुमचा मुख्य उद्योग काय?' बाई म्हणाली, घर. झालं. स्त्रियांचा आकडा निम्म्याच्या आसपास घसरला. दहा वर्षांत निम्म्या बायकांनी खुरपी खाली ठेवली असं काही झालं नव्हतं. प्रश्न बदलला होता.

म्हणून १९८१ ला 'मुख्य' आणि 'सीमांतिक' अशी विभागणी आणली, जेणेकरून थोडं काम करणारीही कुठेतरी दिसावी. गुरुजींनी सांगितलेला कंस १९९१ चा. तरीही २०११ ला स्त्रियांचा सहभाग २५.५ टक्के, पुरुषांचा ५३.३. मुख्य व्यवहार 'घरकाम' असं नोंदवलेल्या स्त्रिया जवळपास १६ कोटी, पुरुष ५८ लाखांच्या आत.

रानजाई, त्या १६ कोटींत तुमच्या आई आहेत. आणि अशा किती जणी असतील याचा अंदाज आपल्याला या धाग्यावरच येईल.

कोयता
मंगळवार, दुपारी १:३०

बीड जिल्हा. आईबाप ऊसतोडीला, मी पण चौदा हंगाम पाचटात काढलेत. आता शिकून नोकरीला आहे.

आमची अडचण वेगळीच. जनगणना फेब्रुवारीत, ९ ते २८. तेव्हा आमचं गाव रिकामं. म्हातारी माणसं आणि कुलपं. आम्ही दोनशे किलोमीटरवर कारखान्याच्या तळावर, कोपीत. तिथं मोजायला आले तर आले. २०११ ला आमच्या तळावर मास्तर आले होते, रात्री आठला, कारण दिवसा तळावर कुणी सापडत नाही. त्यांनी मुकादमाला विचारलं, "किती माणसं?" मुकादम म्हणाला, "अठरा कोयते."

आता बघा. कोयता म्हणजे जोडी. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. उचल दिली जाते ती कोयत्याला, हिशेब होतो तो कोयत्याचा, पैसे हातात पडतात ते नवऱ्याच्या. अठरा कोयते म्हणजे छत्तीस कामकरी, वर हाताखाली पोरं. मास्तर भला माणूस. त्यांनी कंदील घेऊन एकेक कोपी फिरून नावं घेतली. माझ्या आईला विचारलं तेव्हा तिनं काय सांगावं? "मी ह्यांच्यासंगं आलेय."

मास्तर म्हणाले, "संगं आलात ते कळलं, पण मोळ्या कोण बांधतं?" आई म्हणाली, "मीच की." मग त्यांनी लिहिलं.

माझा प्रश्न : आम्हाला घरी दोन एकर कोरडवाहू आहे. पावसाळ्यात बाजरी, तूर. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च तोड. मग आम्ही शेतकरी की शेतमजूर? आणि तोडीचे दिवस नुसते धरले तर कधी पाच महिने भरतात, कधी साडेपाच. मग सीमांतिक का?

गुरुजी_निवृत्त
मंगळवार, दुपारी ४:०५

कोयता, त्या मास्तरांना माझा नमस्कार.

दिवस एकत्र धरायचे. तोडीचे पाच महिने आणि घरच्या रानातले तीन महिने म्हणजे आठ. तुम्ही सगळे मुख्य काम करणारे. रकाना कोणता, तर ज्यात जास्त काळ गेला तो. दुसऱ्याच्या रानात मजुरीवर पीक तोडणारा शेतमजूर. मजुरी रोख मिळो, धान्यात मिळो की वाट्यात, पिकाचा धोका ज्याच्या अंगावर नाही तो शेतमजूर. उलट दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा वाटेकरी हा शेतकरी, कारण पीक बुडालं तर तो बुडतो. आणि सातबाऱ्यावर नाव आहे, पण जमीन दुसऱ्याला देऊन देखरेखसुद्धा करत नाही, पुण्यात राहतो, तो जनगणनेत शेतकरी नाही. यावरून गावात माझी भांडणं झालेली आहेत!

आकडेमोड
मंगळवार, दुपारी ४:४०

याच रकान्यांमुळे एक मोठी गोष्ट दिसली. २००१ ला शेतकरी १२.७ कोटी आणि शेतमजूर १०.७ कोटी होते. २०११ ला शेतकरी ११.९ कोटी, शेतमजूर १४.४ कोटी. मजूर शेतकऱ्यांच्या पुढे गेले. रकाना चुकला की हे चित्रही चुकतं.

सुपारीबाग
मंगळवार, सायंकाळी ६:२०

आता माझी तक्रार. आमचं कुळागर आहे, फोंडा तालुक्यात, गोवा. सुपारी, नारळ, मध्ये केळी, झाडांवर चढवलेली मिरी. आजोबा, वडील, मी, सगळे सकाळपासून चिखलात. पाटाचं पाणी फिरवणं, शिंपणं, सुपारी उतरवणं, सोलणं. आणि २०११ ला मला सांगितलं की तुम्ही शेतकरी नव्हे, 'इतर'!

मी वाद घातला. तेव्हा त्या मास्तरीणबाईंनी पुस्तिका उघडून दाखवली. फळबाग, भाजी, ऊस, कापूस, तंबाखू हे सगळं शेतीत. पण चहा, कॉफी, रबर, नारळ आणि सुपारी ही मळ्याची पिकं, ती शेतीतून वगळलेली. म्हणजे देवगडचा आंबावाला शेतकरी आणि त्याच्या शेजारचा नारळवाला 'इतर'. माझ्या बागेत तर दोन्ही आहे, केळीचं काय करायचं? बाई म्हणाल्या, "जास्त काय त्यावर." शेवटी त्यांनी नीट शब्दांत लिहिलं, 'स्वतःच्या सुपारी-नारळ बागेत लागवड व काढणी'. ते बरं वाटलं. पण नियम मला आजही पटत नाही. चहाचा हजार एकरांचा मळा आणि माझं दीड एकर कुळागर एकाच माळेत कसं?

भिंगरी
मंगळवार, रात्री ८:००

सगळं वाचतेय. पण खरं सांगा, याने फरक काय पडतो? शेतकरी लिहिलं काय नि घरकाम लिहिलं काय. उलट आमच्या चाळीतल्या बायका म्हणतात की काम सांगितलं तर लाडकी बहीणचे पैसे बंद होतील, म्हणून 'काही नाही' सांगा.

निळीशाई
मंगळवार, रात्री ८:२२

भिंगरी, ही भीती खरी आहे, पण तिला आधार नाही. जनगणना कायदा १९४८ चा आहे. त्यातल्या कलम १५ प्रमाणे तुमची वैयक्तिक माहिती गुप्त राहते, दुसऱ्या खात्याला दाखवायची नसते, कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. आणि आपल्या जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. चाळीत सांगा, प्लीज. 'काही नाही' म्हणून कुणाचंही भलं होणार नाही.

फरक काय पडतो? तालुक्यात शेतकरी स्त्रिया किती, विडी वळणाऱ्या किती, घरोघर धुणीभांडी करणाऱ्या किती, हे गावपातळीपर्यंत मोजणारी दुसरी मोजणी आपल्याकडे नाही. सर्वेक्षणं नमुन्यावर चालतात. एका वस्तीत पाळणाघर हवं की नाही, हे त्यातून कळत नाही.

विडीचं_सूप
मंगळवार, रात्री १०:४५

सोलापूर. निळीशाईंनी विडी म्हटलं म्हणून लिहिते.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली पानं, पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने त्या मापाचं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, बोटांनी गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. हजार विड्या झाल्या की हिशेब. पान, तंबाखू कारखान्याकडून, विड्या परत कारखान्यात. वडील यंत्रमागावर. त्यांच्या नावापुढे कामगार. आईने दिवसाला दहा-बारा तास मांडी घातलेली, पण जनगणनेला वडिलांनी सांगितलं, "घरीच बसून असते." शब्दशः खरं होतं ते. ती घरीच बसून असायची!

मी तेव्हा कॉलेजात होते. मी मध्ये बोलले. म्हटलं, सर, सूप दिसतंय ना तुम्हाला? त्यांनी खोडून 'घरगुती उद्योग' केलं. आईने त्या दिवशी संध्याकाळी शेजारणीला सांगितलं, "माझं नाव कामात लिवलं सरकारनं." ती आता नाही. पण ते वाक्य मला तिच्या आवाजासकट आठवतं.

रानजाई
मंगळवार, रात्री ११:०२

विडीचं_सूप, तुम्ही बोललात. मी नाही बोलले. वाचून डोळे भरले.

जुनंदप्तर
बुधवार, सकाळी १०:३०

घरगुती उद्योगाचा नियम सांगून ठेवतो, उपयोगी पडेल. कुटुंबातल्याच माणसांनी प्रामुख्याने चालवलेला, नोंदणीकृत कारखान्याएवढा मोठा नसलेला, काहीतरी बनवायचा किंवा दुरुस्त करायचा उद्योग. खेड्यात घरी किंवा गावात कुठेही चालेल, शहरात मात्र घरातच हवा. नुसती खरेदी-विक्री असेल तर नाही. आणि वकील, डॉक्टर, न्हावी, धोबी, ज्योतिषी, वादक यांनी घरात बसून काम केलं तरी ते घरगुती उद्योगात धरत नाहीत.

आता जरा मागे जातो. १८७२ मध्ये पहिली मोजणी झाली, १८८१ पासून सगळीकडे एकाच वेळी. व्यवसायांचं काय करायचं हा तेव्हापासूनचा पेच. १८९१ चे जनगणना आयुक्त जे. ए. बेन्स हे मुंबई इलाख्यातले अधिकारी, त्यांना इकडची बलुतेदारी माहीत होती. १९११ ला फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांचा आराखडा हिंदुस्थानात वापरला. पण पॅरिसचा आराखडा असो की लंडनचा, अडचण दारातच होती : मोजणारा माणूस व्यवसायाच्या जागी जातीचा परंपरागत धंदा लिहून मोकळा व्हायचा. कुंभार शेती करत असला तरी कुंभारकाम. जुन्या अहवालांत ही तक्रार सापडते.

आणि ती संपलेली नाही. आमच्या आळीत सुतार आडनावाचे एक गृहस्थ आहेत, बँकेत कॅशियर होते. २००१ ला प्रगणकाने आडनाव लिहिलं आणि विचारल्याशिवाय पुढे 'सुतारकाम' लिहू लागला. त्यांनी हात धरला म्हणून थांबला. या वेळी जातही विचारणार आहेत. म्हणून मी आवर्जून सांगतो, जात आणि काम हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींची उत्तरं स्वतःच्या तोंडाने द्या.

चहाटपरी
बुधवार, सकाळी ११:१०

मी टपरी चालवतो. स्वतः चहा बनवतो, विकतो, कप धुतो. मी काय?

आकडेमोड
बुधवार, सकाळी ११:५०

तुम्ही 'इतर'. घाबरू नका, त्यात कलेक्टरही आहेत. :) २०११ ला काम करणाऱ्यांपैकी ४१.६ टक्के म्हणजे २० कोटी माणसं 'इतर'मध्ये होती. त्यांना वेगळं करणारं एकच साधन, ते म्हणजे तुम्ही शब्दांत सांगितलेलं काम.

ते शब्द पुढे आकड्यांत बदलतात. त्यासाठी राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण आहे. आधी १९५८, मग १९६८, २००४ आणि आता २०१५ चं. त्यात साधारण ३,६०० व्यवसाय आहेत, प्रत्येकाला आठ आकडी संकेतांक. पहिले चार आकडे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळतात. पहिला आकडा मोठा गट सांगतो : १ म्हणजे व्यवस्थापक, २ तज्ज्ञ व्यावसायिक, ६ कुशल शेती, ७ कारागीर, ८ यंत्र आणि वाहन चालवणारे, ९ साधी अंगमेहनतीची कामं.

आता कुणी नुसतं 'ड्रायव्हर' म्हटलं तर? टॅक्सी किंवा कार ८३२२, बस ८३३१, ट्रक ८३३२, ट्रॅक्टर ८३४१. 'मजूर' म्हटलं तर? शेतातला ९२११, इमारतीवरचा ९३१३, हमाल ९३३३. जुनंदप्तर यांच्या सुतारांचंही तसंच, घराची दारं-छपरं करणारा ७११५, फर्निचर करणारा ७५२२. 'प्रायव्हेटमध्ये आहे', 'धंदा आहे', 'कंपनीत आहे' या उत्तरांवरून कुठलाच आकडा काढता येत नाही.

आणखी एक गोंधळ. काम आणि उद्योग हे दोन प्रश्न आहेत. हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवणाऱ्याचं काम वाहनचालक, उद्योग हॉस्पिटल. साखर कारखान्यातला हिशेबनीस, काम हिशेब, उद्योग साखर. दोन्ही सांगायचं.

म्हणून टपरीवाल्या भाऊ, तुम्ही सांगा : रस्त्यावरच्या स्वतःच्या टपरीत चहा बनवून विकतो, एकटाच.

थेम्सकाठ
बुधवार, दुपारी ३:४०

इकडे इंग्लंडमध्ये २०२१ ची मोजणी बहुतेकांनी ऑनलाइन भरली. हुद्दा लिहा, मग 'कामात नेमकं काय करता ते थोडक्यात लिहा' असा वेगळा रकाना. आम्ही सगळे आपापलं लिहीत होतो, मध्ये कुणी काका नव्हते, म्हणून मला ते सोपं गेलं. पण इथलाही इतिहास काही फार निराळा नाही. घर सांभाळणाऱ्या बायकांना १८७१ पर्यंत निदान एक घरगुती वर्ग तरी होता. १८८१ पासून त्यांना 'व्यवसाय नसलेले' या रकान्यात टाकलं.

भिंगरी
बुधवार, सायंकाळी ५:१५

मग मी पुढचं विचारते. रानजाईच्या आईचं शेत धरलं, गोठा धरला, छान. पण स्वयंपाक, सासऱ्यांचं आजारपण, पोरांचा अभ्यास? ते काम नाही? माझी सासू अंथरुणाला खिळून आहे, तीन वर्षं. मी नोकरी सोडली. मी 'काम न करणारी'?

आकडेमोड
बुधवार, सायंकाळी ५:५०

भिंगरी, जनगणनेच्या व्याख्येत नाही. घरातल्या माणसांसाठी केलेली सेवा ही राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाबाहेर ठेवतात आणि जनगणना त्याच रेषेवर चालते. तेच काम तुम्ही दुसऱ्याच्या घरी पगारावर केलंत तर काम धरलं जातं. मला ही रेषा अन्यायाची वाटते.

निदान मोजायला तरी सुरुवात झाली आहे. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं निघालं, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. आणि श्रमबल सर्वेक्षणात दोन संकेतांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम आणि शिवाय घरासाठी सरपण-चारा गोळा करणं, शिवणकाम, विणकाम. दोन्ही श्रमबलाच्या बाहेरच धरतात, पण ९३ मुळे निदान कळतं की त्या बाईच्या डोक्यावर मोळी आहे.

कोयता
बुधवार, सायंकाळी ६:३०

भिंगरीताई, तुमचं काम मोठं आहे. रकाना नसला तरी.

डोंगरवाट
बुधवार, रात्री ९:००

अवांतर, पण विचारतो. काम न करणाऱ्यांच्या यादीत विद्यार्थी, निवृत्तिवेतनधारक यांच्याबरोबर 'भिकारी' हाही एक रकाना असतो. आमच्याकडे पहाटे वासुदेव येतो. मोरपिसांची टोपी, चिपळ्या, 'दान पावलं' म्हणत गाणी. त्याला कुठं टाकणार? तो भीक मागत नाही, गातो.

गुरुजी_निवृत्त
बुधवार, रात्री ९:३५

डोंगरवाट, माझ्या वाट्याला २००१ ला असं एक घर आलं होतं. पर्यवेक्षक म्हणाले, भिक्षेकरीत टाका. मी त्या माणसालाच विचारलं, "तुम्ही काय काम करता?" ते म्हणाले, "वासुदेव आहे. गावं जागवतो." मी काम म्हणून लिहिलं, 'वासुदेव, पहाटे घरोघर गाणी म्हणणे'. पुढे दप्तरात त्याचं काय केलं ते त्यांच्याकडे. माझ्या कागदावर त्यांचे शब्द आहेत.

रानजाई
गुरुवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे खूप आभार. काल गावी आले. रात्री जेवणं झाल्यावर आईला घेऊन बसले, समोर भिंतीवरची दिनदर्शिका काढून ठेवली. म्हटलं, महिन्यामहिन्याने सांग.

जूनला पेरणी, बाजरी आणि मटकी. जुलै-ऑगस्ट खुरपणी. सप्टेंबरअखेर काढणी, मळणी. ऑक्टोबरला ज्वारीची पेरणी, विहिरीखाली कांद्याचं रोप टाकणं. डिसेंबर-जानेवारी कांद्याची लागण, खुरपणी. फेब्रुवारी-मार्च ज्वारी काढणी, कडबा बांधणं. एप्रिलमध्ये कांदा काढून ऐरणीत भरणं. मे महिन्यात ती म्हणाली, "आता काय नसतंय." मग स्वतःच म्हणाली, "शेणखत टाकायचं असतंय की."

म्हशीचं तर मी विचारलंच नव्हतं. रोज पहाटे साडेचार आणि संध्याकाळी सहा, बारा महिने.

मी तिला गुरुजींचा खरा प्रश्न वाचून दाखवला, गेल्या वर्षभरात तुम्ही कधीही काही काम केलं का? ती बराच वेळ दिनदर्शिकेकडे बघत होती. म्हणाली, "असं इचारलंच न्हाई कुणी."

काकांनाही सांगितलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, "या बारीला वहिनींचं त्यांनाच सांगू दे." या वेळी मोबाइलवर स्वतः माहिती भरायचीही सोय आहे म्हणतात, पण आईला दारात उभं राहून सांगायचं आहे. तिने वाक्य पाठ केलंय : "मी शेतकरी आहे. घरची शेती करते, दोन म्हशी आहेत, वरीसभर काम असतंय."

तिची एक शंका राहिली आहे, ती गुरुजींसाठी. म्हैस भाकड असते ते तीन-चार महिने दूध नसतं. ते दिवस धरायचे का? ती म्हणते खोटं नको सांगायला.

गुरुजी_निवृत्त
गुरुवार, रात्री १०:४१

भाकड म्हशीला वैरण-पाणी कोण करतं? शेण कोण काढतं? त्याच ना? मग धरायचे. सगळे दिवस धरायचे.

रानजाई
गुरुवार, रात्री १०:४४

आई अजून जागी आहे. सांगते तिला.